डावीकडून दुसरा चेहरा

ज्या माणसानं सत्तावीस वर्षं पोरांना उन्हात उभं केलं, त्याच्याकडेच शाळेनं आनंदाचा तास सोपवला, हे ऐकून माझी बायको ललिता आधी पाच मिनिटं हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "अहो, घरी कधी हसून चहा मागितला नाहीत. आता पोरांना काय शिकवणार?"

मी म्हटलं, "ट्रेनिंग देणार आहेत."

"मग दोन दिवस जास्त घ्या," ती म्हणाली.

मी पीटी मास्तर. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या गल्ल्यांत एका ट्रस्टची इंग्रजी माध्यमाची शाळा आहे, तिथला. आमचं घराणं बेंगळुरात इतकं जुनं की आमचं मराठी ऐकून पुण्याहून आलेले शेजारी कौतुकानं म्हणतात, 'छान शिकलात हो!' घरी मी अण्णा, शाळेत राव सर, आणि माझी पाठ वळली की 'शिट्टी'. जयनगरहून सकाळची मेट्रो धरायची, पीण्याला उतरायचं, गळ्यात शिट्टी अडकवायची, एवढंच माझं चरित्र.

बाहेरच्यांना वाटतं पीटी म्हणजे शिट्टी फुंकायची आणि आपण सावलीत उभं राहायचं. दुसरा भाग खरा आहे. पण सावलीतून बघावं लागतं. प्रार्थनेला पाचशे मुलं उभी असतात, त्यांतलं कोण चक्कर येऊन पडणार हे मला दोन मिनिटं आधी कळतं. आधी कानाच्या पाळ्या पांढऱ्या पडतात, मग गुडघे आत वळतात. मी चालत चालत त्या पोराच्या मागे जाऊन उभा राहतो आणि पोर बरोबर माझ्या हातात पडतं. पोट दुखतंय म्हणणारं पोर हात कुठं ठेवतं यावरून पोट दुखतंय की गणिताची परीक्षा आहे, हेही कळतं. थोडक्यात, मला वाटायचं की मुलं मला कळतात. या लेखात पुढे जे आहे ते या वाटण्याबद्दल आहे.

झालं असं. नव्या इमारतीसाठी आमचं अर्धं मैदान खोदलं आणि माझे निम्मे तास रिकामे झाले. त्याच वर्षी ट्रस्टनं ठरवलं की मुलांना नुसते मार्क नकोत, आनंदही हवा. प्रत्येक वर्गाला आठवड्यातून एक आनंद तास. प्रिन्सिपल मॅडमनी वेळापत्रकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "राव सर, स्वल्प इकडे या," म्हणाल्या. मी 'सरी' म्हटलं, म्हणजे कानडीत 'बरं'. त्यांच्यापुढे आजवर मी दुसरं काही म्हटलेलं नाही.

ट्रेनिंग एका हॉटेलच्या गार हॉलमध्ये होतं. ट्रेनर बाईंनी डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. माझं श्वासाकडून जे लक्ष उडालं ते थेट टाळ्यांनी परत आलं. बाई सगळ्यांना सांगत होत्या, "इतकं खोल विश्रांतीत जाणं पहिल्याच दिवशी कुणालाच जमत नाही!" शेजारच्या सायन्सच्या सरांनी कानात सांगितलं की मी घोरत होतो. ते प्रशस्तिपत्र अजून आमच्या फ्रिजवर आहे. ललितानं लावलंय.

आता आनंद तासाची रीत सांगतो. गोष्टी, खेळ, थोडं शांत बसणं, थोडं बोलणं. आणि दर शुक्रवारी एक कागद. त्यावर ओळीनं पाच चेहरे. अगदी डावीकडे रडका, मग ओठ खाली वळलेला, मग सरळ ओठांचा, मग हसरा, आणि उजवीकडे दात दाखवून हसणारा. 'हा आठवडा मला कसा गेला?' असं वर लिहिलेलं. मुलानं नाव घालायचं आणि एका चेहऱ्याखाली टिक करायची. मी ते मोजून तक्ता बनवायचा आणि तक्ता ट्रस्टकडे जायचा.

पहिल्या महिन्यात गिऱ्हाइकं एकेक भेटली. पहिलीतल्या एका चिमुरडीनं पाचही चेहऱ्यांवर टिक केली. मी लाडानं म्हटलं, "पुट्टी, एकच करायची गं." तिनं बोट ठेवत ठेवत हिशेब दिला: हा दूध पिताना, हा बसमध्ये, हा डबा सांडला तेव्हा, हा मिसनी उचलून घेतलं तेव्हा. पाचवा आत्ता. मी तिला नवा कागद दिला, कारण तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. तेव्हा मला ती चुकलीय असं वाटलं. आता वाटतं, सगळ्या शाळेत तेवढा एकच कागद बरोबर भरलेला होता.

मग आठवीतल्या एका मुलाचे वडील आले. वर्कशॉपमधून थेट, हाताला ग्रीस. मुलाचे कागद त्यांनी वहीत पाहिले होते. "सर, आमचा तीन नंबरवरच अडकलाय. ह्या सब्जेक्टला गाईड मिळतं का? ट्यूशन लावू का? वार्षिक परीक्षेपर्यंत पाचवर आणतो त्याला." मी त्यांना समजावलं की ही परीक्षा नाही. ते हसले. "सर, कागद देता, नाव घालायला लावता, मोजता. मग परीक्षा नाही कशी?" मी त्यांच्यावर मनातल्या मनात हसलो. माणूस बरोबर बोलत होता हे कळायला मला चार महिने लागले.

कारण त्यानंतर मी माझी ती थोर कल्पना काढली.

शाळेत चार हाऊस असतात: रेड, ब्लू, ग्रीन, यलो. प्रत्येक मूल कुठल्यातरी हाऊसमध्ये. धावणं, लंगडी, रस्सीखेच, बूट पॉलिश, सगळ्याला गुण, आणि महिनाअखेर पुढे असलेल्या हाऊसला फिरती ढाल. या हत्यारानं मी पोरांची नखं कापून घेतली आहेत, डब्यातली भाजी संपवून घेतली आहे. आणि आनंदाचे तक्ते तर दर आठवड्याला मधेच लोळत होते. तिसरा चेहरा, तिसरा चेहरा, नुसता तिसरा चेहरा. मग मी ठरवलं, चेहऱ्यांनाही गुण द्यायचे. पाचव्याला पाच, पहिल्याला एक. ज्या हाऊसची सरासरी जास्त, त्याला शुक्रवारची ढाल.

अनुभवी पीटी मास्तर सोडून ही चूक कुणाला सुचणार नाही.

दोन आठवड्यांत शाळा आनंदानं भरून वाहू लागली. तक्ता कारखान्याच्या धुराड्यासारखा सरळ वर गेला. ट्रस्टचे लोक आले, फोटो झाले, गेटवर 'आनंदी मुलांची शाळा' असा बोर्ड लागला. मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावून चहा दिला, सोबत काजूची बिस्किटं. सत्तावीस वर्षांत मला मारीच्या वर कुणी नेलं नव्हतं.

फक्त यलो हाऊस मागे पडत होतं. तिथं एक कागद दर शुक्रवारी डावीकडून दुसऱ्या चेहऱ्यावर अडकलेला. नववीतली रेणुका. (नाव बदललं आहे. बाकी सगळं छापायला तिनं परवानगी दिली आहे, 'पण मला लई रडकी दाखवू नका' या अटीवर.) दोन वर्षांपूर्वी बेळगावकडून आलेलं कुटुंब. वडील पीण्यात पत्रा कापायच्या प्रेसवर, आई कपड्यांच्या कारखान्यात. शांत मुलगी. रस्सीखेचेत मात्र शेवटच्या जागेवर दोर कमरेला गुंडाळून उभी राहिली की खांब रोवल्यासारखी.

मी तिला बाजूला घेतलं. खोटं कशाला बोलू, प्रेमानंच घेतलं. "काय गं, दर वेळी दुसराच? निदान तिसऱ्यावर तरी ये की. हाऊसचं नुकसान होतंय."

ती म्हणाली, "म्हणजे खोटं मारू, सर?"

"खोटं नाही गं. जरा उत्साहानं भर."

 पुढच्या शुक्रवारी यलोमध्ये तिचा कागदच नव्हता, आणि यलो जिंकलं. त्याच्या पुढच्याही. मी स्टेजवरून ढाल देताना म्हणालो, "शाबास यलो! बघा, मनावर घेतलं की आनंद येतो!" पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

महिन्याभरानं माझ्या टेबलावर टीसीचा अर्ज आला. मूल शाळा सोडताना दाखल्याच्या अर्जावर सगळ्यांच्या सह्या लागतात: लायब्ररी, लॅब, आणि खेळाचं सामान परत आलं म्हणून माझी. अर्ज रेणुकाचा. कारण: घरगुती. सोबत धुऊन इस्त्री केलेला पिवळा टी-शर्ट. हजेरी लिहायची म्हणून वर्गाचं रजिस्टर उघडलं. शुक्रवारी गैरहजर. पुढचा शुक्रवार गैरहजर. त्याच्या पुढचाही. बाकी सगळे दिवस हजर. एका ओळीत, सारख्या अंतरावर ते गैरहजरीचे 'ए' इतके सरळ उभे होते की मैदानावर मी तशी रांग कधी लावलेली नाही. मी पेन उघडलं, आणि परत बंद केलं.

त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेलो. दोन वर्कशॉपच्या मधून जिना, वर एक खोली. दार उघडंच होतं. वडील खुर्चीत बसले होते. मी नमस्कार केला, नाव सांगितलं. ते नुसते बघत राहिले. रेणुका आतून आली, त्यांच्यासमोर उभी राहून ओठ मोठे करून म्हणाली, "शाळेतले सर!"

ते एकदम ओरडले, "बसा की, सर!" मी दचकलो. त्यांना ओरडायचं नव्हतं. त्यांना स्वतःचा आवाज येत नव्हता. इतकी वर्षं प्रेसजवळ काढून या वर्षी कान पूर्ण गेले होते. तेवढं बोलून ते परत गप्प झाले.

आई अजून कामावरून यायची होती. रेणुकानं चहा ठेवला. मी विचारलं, "टीसी का मागितलास? कुणी त्रास दिला का?"

"न्हाई सर. कोण काय बोललं न्हाई. कॅप्टन अक्का आली, चिक्की दिली. म्हणाली, रेणू, तू आलीस की आपण हरतो, तर शुक्रवारी तेवढं घरी राहशील काय? बरोबरच हाय की तिचं. तुम्ही पण तेच म्हटलासा."

"मी घरी राहा कुठं म्हटलं?"

"तिसऱ्यावर ये म्हटलासा. मला येता येईना, म्हणून मग घरी राहिले."



"मग दुसराच का गं? एवढं वाईट वाटतं शाळेत?"

"शाळेत?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "शाळेत मज्जा येते की, सर. कागद ते विचारत न्हाई. आठवडा कसा गेला म्हणतंय. आठवड्यात घर पण आलं की." तिनं वडिलांकडे पाहिलं आणि आवाज खाली नेला, जरी त्याची गरज नव्हती. "पप्पा आधी घरी आले की मशीनवर काय झालं, कोण काय बोललं, समदं नकला करून सांगायचे. आम्ही हसून हसून लोळायचो. आता त्यांना आमचं ऐकू येत न्हाई म्हणून ते बोलायचंच सोडले. असं असताना मी पाचवा टिक केला, तर पप्पांना काय झालंच न्हाई असं होईल की, सर. कुणाच्या तरी कागदावर ते पाहिजे."

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस. देवळात गेलो आहे, आजारपणं पाहिली आहेत, दोन पोरांची लग्नं लावली आहेत. पण त्या खोलीत ग्रीसचा वास आणि खालच्या लेथ मशीनचा आवाज यांच्यामध्ये बसून मला जे वाटलं त्याला माझ्याकडे शब्द नाही. एक चौदा वर्षांची मुलगी दर शुक्रवारी बापाच्या दुःखाची नोंद कुठंतरी राहावी म्हणून एक टिक करत होती, आणि मी तिला सरासरीबद्दल सांगत होतो.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. म्हणाली, "एक विचारू? गेटवर बोर्ड लावलाय न्हवं, आनंदी मुलांची शाळा. मग दुसऱ्या चेहऱ्यानं आलेलं चालतं काय तिथं?"

तिला हे खरंच माहीत नव्हतं. त्याच प्रश्नावर तिनं शाळा सोडायची ठरवली होती. मी म्हटलं, "चालतं गं." तिनं मान हलवली, मोठ्या माणसांचं मन राखताना मुलं हलवतात तशी. तिचा विश्वास बसला नव्हता. का बसावा?

घरी येऊन ललिताला सगळं सांगितलं. या वेळी ती हसली नाही. म्हणाली, "तिला एकटीला सांगून काय उपयोग? ढाल सगळ्यांसमोर दिलीत, तर चूकही सगळ्यांसमोर सांगा." मॅडमना सांगितलं. त्यांनी अर्ज वरून खाली वाचला. मग म्हणाल्या, "टीसी मी सोमवारपर्यंत थांबवते. पुढे नाही, वडिलांची सही आहे त्यावर."

शुक्रवारी प्रार्थनेनंतर मी स्टेजवर गेलो. पाचशे मुलांवर ओरडायला मला कधी माईक लागला नव्हता. त्या दिवशी मी तो दोन्ही हातांनी धरला. मग म्हटलं, "मी एक चूक केली. आनंदाला गुण लावले. आजपासून गुण नाहीत, ढाल नाही. ज्याला जसा आठवडा गेला तशी टिक करा. कुठल्याही चेहऱ्यानं या शाळेत यायचं. आणि कुणाला माझ्यामुळे घरी बसावं लागलं असेल, तर मला माफ करा." रेणुकाचं नाव घेतलं नाही. पण यलोच्या रांगेत माना खाली गेल्या.

दुपारी कागद आले. मी स्टाफरूममध्ये मोजायला बसलो आणि दहा-बारा कागदांनंतर मोजणं थांबवलं. रोज सगळ्यांना हसवणारा ब्लूचा मुलगा: पहिला चेहरा. प्रत्येक शर्यत जिंकणारी रेडची मुलगी: दुसरा. ज्यांना मी 'मस्तीखोर' म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावायचो त्यांतले तिघं: पहिला. काहींनी चेहऱ्याशेजारी लिहिलंही होतं. 'आजी दवाखान्यात.' 'घर बदललं, मांजर आलं नाही.' एकानं नुसतंच 'माहीत नाही'. आणि मधूनच एखादा खराखुरा पाचवा, टिक इतकी दाबून केलेली की कागद फाटलेला. ही सगळी मुलं सकाळी माझ्यासमोर सरळ रांगेत उभी होती. 'सावधान' म्हटल्यावर सावधान झाली होती. हे सगळं घेऊन. मी कागद उलटत गेलो. एखाद्या डोंगरासमोर येऊन उभं राहावं तसा बसलो होतो मी, स्टाफरूमच्या त्या मोडक्या खुर्चीत.

दाराशी यलोची कॅप्टन चैत्रा उभी. तिचाही कागद पहिल्या चेहऱ्याचा होता. "सर, रेणूचं घर कुठं आहे?"

"कशाला?"

"मी चिक्की दिली होती," ती म्हणाली आणि रडायला लागली.

शनिवारी यलोची नऊ मुलं त्या जिन्यावर चढली. मी गेलो नाही, मुद्दामच. पुढचं चैत्रानं सांगितलं. एका खोलीत नऊ जणं, सगळे एकदम बोलताहेत, कुणी सॉरी म्हणतंय, कुणी रस्सीखेचेचं सांगतंय, कानडी, हिंदी, मराठी सगळं एकात. वडील खुर्चीतून टकामका बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. "काय म्हणूलाल्यात गं ही?" ते गरजले. रेणुकानं वही ओढली आणि लिहायला लागली. मुलं बोलताहेत, ती लिहितेय, बाप वाचतोय, मधेच ओरडून विचारतोय, "आणि मग ह्यो काय म्हणाला?" पाठपोट सहा पानं झाली. निघताना त्यांनी चैत्राची नक्कल केली, रडत रडत चिक्की देणारी. चैत्रा म्हणाली, "सर, सेम टू सेम!"

सोमवारी शाळा भरायच्या वेळी मी गेटवर उभा होतो. टीसीचा अर्ज खिशात. घंटा झाली, रांगा आत गेल्या, वॉचमन गेट ओढायला लागला. मी त्याला म्हटलं, "अण्णा, एक मिनिट." एकाची पाच झाली. मग कोपऱ्यावरून ती आली, धावत, आणि मागून वडील, चालत. मी पिवळा टी-शर्ट तिच्या हातात दिला. तिनं तो दप्तरात कोंबला. इस्त्री गेली.

ती आत वळली तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून वडिलांचा आवाज आला. स्वतःचा आवाज न ऐकू येणाऱ्या माणसाचा, पीण्याच्या सगळ्या मशिनींवरून जाणारा आवाज: "रेणे! आज काय काय झालं समदं लिवून आण! अर्धं न्हाई चालायचं!"

बसस्टॉपवरची माणसं वळून बघायला लागली. वर्गांच्या खिडक्यांत डोकी जमली. रेणुका कानापर्यंत लाल झाली. दोन्ही हात हलवत, ओठ मोठे करून तिनं त्यांना सांगितलं, "पप्पा! हळू की!"

"काय?" वडील ओरडले.